ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलिया : घरच्या बागेतील लागवड

मार्च-एप्रिलच्या सुमारास दार्जिलिंगजवळच्या सिंगालिला डोंगररांगेवरून जाणाऱ्या प्रवाशास एक विलक्षण देखावा दृष्टीस पडतो. सारे जंगल धुक्याने वेढलेले असते, आणि त्या करड्या पार्श्वभूमीवर झाडेच्या झाडे लाल, गुलाबी अथवा पांढऱ्या फुलांच्या घोसांनी लगडलेली असतात. नेपाळी भाषेत या झाडास गुरांस म्हणतात. गढवाल-कुमाऊँमध्ये त्याला बुरांस हे नाव आहे. वनस्पतिशास्त्रात ते ऱ्होडोडेंड्रॉन या नावाने ओळखले जाते. ग्रीक भाषेत ‘ऱ्होडॉन’ म्हणजे गुलाब व ‘डेंड्रॉन’ म्हणजे वृक्ष.

असे एखादे झाड आपल्या अंगणातही असावे, अशी इच्छा मनात उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. परंतु पुष्कळांचा अनुभव असा, की रोपवाटिकेतून आणलेले रोप पहिल्या वर्षी उत्तम फुलते, दुसऱ्या वर्षी पिवळे पडू लागते आणि तिसऱ्या वर्षी वाळून जाते. ते पिवळे पडू लागले म्हणजे मालक अधिक पाणी व अधिक खत घालतो, आणि त्यामुळे रोपाचा अंत अधिकच लवकर ओढवतो. असे का घडते, हे समजून घेतले तर ही झाडे वाढविणे फारसे अवघड नाही. त्यासाठी प्रथम या वनस्पतीचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे.

एका कुटुंबातील दोन नावे

ऱ्होडोडेंड्रॉन या प्रजातीत सुमारे एक हजार जाती आहेत. त्यांपैकी ऐंशीच्या आसपास भारतात आढळतात, व त्यांतील बहुतेक सर्व पूर्व हिमालयातील आहेत. काही जाती उंच वृक्षांच्या स्वरूपात वाढतात, तर हिमरेषेजवळच्या काही जाती जेमतेम हातभर उंचीच्या असतात. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर याने १८४८ ते १८५० या काळात सिक्कीम व लगतच्या प्रदेशात प्रवास करून यांतील अनेक जातींची प्रथमच नोंद केली. त्याने पाठविलेल्या बियांमुळे ही झाडे ब्रिटनमधील उद्यानांत पोहोचली.

लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरियम हा हिमालयात सर्वत्र आढळतो. याच जातीचा एक प्रकार तेथून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर, दक्षिणेतील निलगिरीच्या माथ्यावर वाढतो. मधल्या उष्ण पठारावर मात्र त्याचा मागमूसही नाही. या झाडास काय हवे असते, हे एवढ्या एका गोष्टीवरूनही ध्यानात येते.

अझेलिया ही काही निराळी वनस्पती नव्हे. लिनीयसने १७५३ मध्ये ऱ्होडोडेंड्रॉन व अझेलिया अशा दोन स्वतंत्र प्रजाती मानल्या होत्या. परंतु १८३४ मध्ये जॉर्ज डॉन याने त्या एकत्र केल्या, आणि आज अझेलियाची गणना ऱ्होडोडेंड्रॉनमध्येच होते. तथापि बागेत दोन्ही नावे रूढ आहेत. सामान्यतः अझेलियाचे झुडूप लहान असते, पाने पातळ असतात आणि फुलात बहुधा पाच पुंकेसर आढळतात. ऱ्होडोडेंड्रॉनची पाने जाड व चिवट असून फुलात बहुधा दहा किंवा अधिक पुंकेसर असतात. बाजारात ‘इंडियन अझेलिया’ या नावाने मिळणाऱ्या झुडपांचे पूर्वज मात्र भारतातील नसून चीन व जपानमधील आहेत.

मातीची आम्लता

या झाडांच्या यशापयशाचे मुख्य रहस्य मातीत आहे. मातीची आम्लता सामू या अंकाने मोजतात. सामू ७ असल्यास माती उदासीन, त्याहून कमी असल्यास आम्ल व त्याहून अधिक असल्यास अल्कधर्मी समजावी. हा अंक एकाने उतरला की आम्लता दसपट वाढते. म्हणजे सामू ५ असलेली माती सामू ७ असलेल्या मातीपेक्षा शंभरपट आम्ल असते. ऱ्होडोडेंड्रॉनला सुमारे ४.५ ते ६ या मर्यादेतील सामू मानवतो.

याचे कारण लोह हे आहे. पानातील हरितद्रव्य तयार होण्यासाठी लोहाची आवश्यकता असते. आम्ल मातीत लोह विरघळलेल्या स्थितीत राहते व मुळांना ते शोषून घेता येते. मातीत चुना वाढला की लोहाची अविद्राव्य संयुगे बनतात. अशा वेळी मातीत लोह भरपूर असूनही झाड उपाशी राहते. कोवळी पाने पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. शेतकरी यालाच केवडा पडणे म्हणतात.

आता तीन वर्षांत मरणाऱ्या रोपाचे कोडे उलगडते. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाच्या मुळांभोवती आम्ल मातीचा गोळा असतो; त्याच्या बळावर पहिले वर्ष निभावते. नंतर मुळे बाहेरच्या चुनखडीयुक्त मातीत शिरतात. शिवाय विहिरीचे जड पाणी घातले, तर प्रत्येक वेळी थोडा थोडा चुना मातीत जमत जातो. म्हणून अधिक पाणी घातल्याने उलट अपायच होतो.

शाळेतील विद्यार्थ्यांनी पुढील प्रयोग करून पाहावा. कोरडी माती बशीत घेऊन तीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब शिक्षकांच्या देखरेखीखाली टाकावेत. बुडबुडे येऊन माती फसफसली, तर तीत चुनखडी आहे हे निश्चित होय. तेथे ही झाडे जमिनीत लावण्याचा विचारच सोडावा. बुडबुडे आले नाहीत म्हणून माती आम्ल आहे असे मात्र सिद्ध होत नाही. त्यासाठी तिचा सामू मोजून घ्यावा.

जागेची निवड

दार्जिलिंग, कालिम्पाँग, गंगटोक, शिलाँग, नैनिताल, मसुरी, उटकमंड, कोडाईकनाल यांसारख्या थंड ठिकाणी ही झाडे जमिनीत लावता येतात. दख्खनच्या पठारावरील काळी माती अल्कधर्मी असते, तीत चुनखडीचे खडेही आढळतात, आणि उन्हाळाही कडक असतो. तेथे मोठ्या ऱ्होडोडेंड्रॉनचा हट्ट धरणे व्यर्थ होय. ज्या गावी उन्हाळा सौम्य आहे, तेथे अझेलिया कुंडीत वाढवून पाहण्यास हरकत नाही. कुंडीचा लाभ असा, की तीतील माती आपल्या हाती असते. पाणी मात्र पावसाचे साठविलेले असावे.

जागा अर्धवट सावलीची असावी. ओक किंवा पाइन यांसारख्या उंच झाडांखालील गाळीव ऊन उत्तम. गडद सावलीत पाने वाढतात, पण फुले येत नाहीत. जेथे हिवाळ्यात दहिवर गोठते, तेथे पूर्वेकडील उघडी जागा टाळावी. कारण रात्री गोठलेल्या कळ्यांवर सकाळचे ऊन एकदम पडले तर त्या करपतात.

लागवड

या झाडांची मुळे केसासारखी बारीक असून जमिनीच्या वरच्या थरातच पसरतात. त्यांच्या पेशींत विशिष्ट कवके राहतात व निकृष्ट आम्ल मातीतून अन्न मिळविण्यास झाडाला साहाय्य करतात. अशा मुळांना ओलावा हवा, परंतु साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. पाणी साचल्यास मुळे कुजतात.

पर्वतीय प्रदेशात पावसाळ्याच्या प्रारंभी लागवड करावी. सुमारे ७५ सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा. त्यात जंगलातील पानकुजीचे खत, भुसभुशीत आम्ल माती व थोडी जाड वाळू यांचे मिश्रण भरावे. मुळांच्या गोळ्याचा वरचा भाग जमिनीच्या पातळीत, किंबहुना किंचित वर राहावा. खोल लावलेले रोप गुदमरते. जमीन चिकण असल्यास खड्ड्याऐवजी उंचवटा करून त्यावर रोप लावणे श्रेयस्कर.

निगा

बुंध्यापासून थोडे अंतर सोडून वाळलेली पाने किंवा पाइनच्या सुया यांचे ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे. त्यामुळे ओलावा टिकतो व मुळे थंड राहतात. झाडाभोवती खुरपणी करू नये. तण हातानेच उपटावे. चुना, राख व हाडांचे खत कधीही घालू नये, कारण तिन्हींमुळे मातीतील चुन्याचा अंश वाढतो. खताची गरज भासल्यास वसंतात अमोनियम सल्फेट अल्प प्रमाणात द्यावे. पाने पिवळी पडल्यास हिराकशीचा उपयोग होतो. परंतु मातीतील चुना कायम असेल तर तो गुण तात्पुरताच असतो.

फुले सुकल्यावर त्यांचे घोस बोटांनी हळूच मोडून काढावेत, म्हणजे झाडाची शक्ती बी धरण्यात खर्च होत नाही. त्याखालीच नवे कोंब असतात, त्यांना धक्का लागू देऊ नये. छाटणी करावयाची झाल्यास ती बहर संपताच करावी. पुढील वर्षाच्या कळ्या उन्हाळ्या-पावसाळ्यातच तयार होतात. हिवाळ्यात केलेली छाटणी म्हणजे पुढच्या बहराचाच नाश होय. कडक थंडीत काही जातींची पाने सुरळीसारखी वळून खाली लोंबतात. ऊब येताच ती पूर्ववत होतात. त्यास रोग समजू नये.

एक सावधगिरी आवश्यक आहे. अनेक जातींच्या पानांत, फुलांत व मधात ग्रेयानोटॉक्सिन हे विष असते. इ. स. पू. ४०१ मध्ये काळ्या समुद्राच्या किनाऱ्यानजीक असा मध खाऊन ग्रीक सैनिक आजारी पडल्याचे वर्णन झेनोफनने केले आहे. बुरांसच्या पाकळ्यांचे सरबत उत्तराखंडात व हिमाचलात पिढ्यान्‌पिढ्या केले जाते. परंतु त्यावरून बागेतील कोणत्याही जातीचे फूल खाण्याजोगे आहे असे मानू नये. मुले व गुरे यांना या झाडांपासून दूर ठेवावे.

रोपे कोठून आणावीत?

जंगलातील झाड खणून आणणे हे सर्वथा अनुचित आहे. एक तर त्याची नाजूक मुळे तुटतात व ते क्वचितच जगते. दुसरे असे, की सरपणासाठी होणारी तोड आणि रस्त्यांची बांधकामे यांमुळे ही वने आधीच विरळ होत आहेत. उत्तराखंडात मार्च-एप्रिलमध्ये फुलणारा बुरांस अलीकडे काही वर्षी जानेवारी-फेब्रुवारीतच फुललेला आढळला आहे. बदलत्या हवामानाची ही खूण दुर्लक्ष करण्याजोगी नाही. सिक्कीममधील बार्से व शिंगबा ही अभयारण्ये ऱ्होडोडेंड्रॉनच्या रक्षणासाठीच राखलेली आहेत.

अझेलियाची अभिवृद्धी छाट कलमाने व दाब कलमाने सहज होते. ऱ्होडोडेंड्रॉनचे बी धुळीसारखे बारीक असते. ते ओलसर शेवाळावर पेरावे व वर माती घालू नये, कारण उगवण्यास त्याला प्रकाश लागतो. बियांपासून वाढविलेल्या बुरांसला प्रथम फूल येण्यास दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून शाळेच्या आवारात तो लावणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचा पहिला बहर शाळेत असताना पाहावयास मिळणार नाही. तो त्यांच्यामागून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असेल. माती पारखून, योग्य जागा निवडून लावलेले झाड मात्र अनेक पिढ्यांना फुले देत राहते.