खंडाळ्याच्या रानातले फादर

कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. मधल्या एखाद्या वर्षी घाटात गेलेल्या अभ्यासकाच्या हाती नुसता पाला लागतो, आणि फुलाफळांवाचून वनस्पतीची ओळख सहसा पक्की होत नाही. फादर हेर्मेनेगिल्ड सांतापाव खंडाळ्याला वर्षानुवर्षे का जात राहिले, ते यावरून समजते.

जन्म १९०३ चा, स्पेनमधला. जेझुइट म्हणून ते १९२८ साली भारतात आले, पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले आणि इथलेच नागरिक झाले. कॉलेजातल्या वनस्पतिसंग्रहाला त्यांच्या आधीचे स्विस फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचे नाव आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०८ पर्यंत पुरा झाला होता. पण सिंधपासून कानड्यापर्यंतच्या मुलखात एकेका डोंगराचा तपशील कितीसा मावणार? सांतापाव यांनी एकेक डोंगर धरला. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचे त्यांचे पुस्तक १९५३ साली आले, पुरंदरचे १९५८ साली. त्यांना मिळालेल्या सगळ्या पदांपेक्षा मला ही दोन पुस्तके मोठी वाटतात.

या कामात कष्ट फार. घाटातली कितीतरी रोपे पावसाळ्यातच उगवतात, फुलतात आणि नाहीशी होतात. म्हणजे गोळा करायची ती भर पावसात, जेव्हा काहीच वाळत नाही. फांदी कागदात पसरून दाबायची, ओले कागद रोज बदलायचे. एक दिवस चुकला की बुरशी धरते. फुलाचा रंग वाळताना उडतो, म्हणून तो रानातच टिपून ठेवायचा. ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव चिठ्ठीवर नसेल, तर उत्तम वाळवलेला नमुनाही जवळजवळ निरुपयोगी.

१९५४ साली ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ झाले, नंतर संचालक. पुण्याची शाखा १९५५ साली त्यांच्याच काळात उघडली. आमरी म्हणजे ऑर्किड हा त्यांचा खास जिव्हाळा. पाचगणीचे नाव धारण करणारी हॅबेनेरिया पंचगनिएन्सिस ही जाती त्यांनी आणि त्यांचे सहकारी कापडिया यांनी मिळून वर्णिली. १९६७ साली पद्मश्री मिळाली, १९७० साली मुंबईत ते वारले.

खंडाळा-लोणावळ्याचे उतार आता बंगल्यांनी भरले आहेत. तिथे पूर्वी काय उगवत होते, हे कुणाच्या आठवणीवर सोडावे लागत नाही. सांतापाव यांच्या पुस्तकात ते नावानिशी नोंदलेले आहे आणि आजच्या रानाशी ताडून पाहता येते.