गोंदियाच्या थंडीत पऱ्हे पिवळे पडतात, भंगारातलं हरितगृह किती कामाचं?

डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की विदर्भातलं सर्वात कमी तापमान बरेचदा गोंदियात नोंदवलं जातं. पारा 10 अंशांखाली जातो. नेमके याच दिवसांत शेतकरी उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकतात. साधारण 10-12 अंशांखाली धानाचं बी नीट रुजत नाही. रुजलंच तर रोपं पिवळी पडतात, वाढ खुंटते. पुन्हा बी टाकायचं म्हणजे खर्च दुप्पट आणि रोवणी लांबणीवर.

लाखोंचं पॉलिहाऊस सगळ्यांना परवडत नाही. मग बांबूच्या कमट्या आणि भंगारातलं पारदर्शक प्लास्टिक वापरून छोटा बोगदा करता येतो. कमट्या कमानीसारख्या वाकवून दोन-दोन फुटांवर रोवायच्या, उंची गुडघ्याच्या थोडी वर. टोकांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची, नाहीतर प्लास्टिक पहिल्याच वाऱ्यात फाटतं. कडा मातीत दाबायच्या.

दिवसा ऊन आत येतं, माती तापते आणि गरम हवा अडकून राहते. पण एकेरी प्लास्टिकमधून रात्री ही ऊब लवकर निसटते. म्हणून संध्याकाळी वरून जुने फ्लेक्स टाकायचे. निवडणुकीनंतर त्यांचा तुटवडा नसतो! सकाळी मात्र ते काढायलाच हवेत, कारण त्यातून उजेड जात नाही.

खरी चूक होते ती दुपारी. थंडीतही दुपारचं ऊन कडक असतं आणि बंद बोगद्यात रोपं अक्षरशः उकडतात. आत साचलेल्या ओलाव्याने ती बुडाशी कुजून कोलमडतात. ऊन वर आलं की दोन्ही तोंडं उघडायची, सूर्य कलला की बंद.

भंगारातलं सगळंच चालत नाही. कीटकनाशकांचे डबे आणि फुटके ॲस्बेस्टॉसचे पत्रे लांबच ठेवा. साधं प्लास्टिक उन्हाने एखाद्या हंगामातच ठिसूळ होतं, तुकडे बांधीत पसरण्याआधी गोळा करा.

आता मर्यादा. एका एकराच्या रोवणीला साधारण 4 गुंठे पऱ्हे लागतात. तेवढं झाकायला असे कितीतरी बोगदे लागतील. वांगी, मिरची, टोमॅटोच्या रोपांना मात्र एक पुरतो. मोठ्या पऱ्ह्यांसाठी जुनी युक्ती सोपी: संध्याकाळी विहिरीचं किंवा बोअरचं कोमट पाणी द्यायचं आणि रात्रभरात गार झालेलं पाणी सकाळी काढून टाकायचं.