बैठ्या खेळांचा संग्रह

टपालाची तिकिटे जमवणारे, जुनी नाणी जमवणारे तुम्ही पाहिले असतील. पण जुने बैठे खेळसुद्धा जमवता येतात, हे ठाऊक आहे काय? या छंदाला पैसा लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि ऐकायला दोन कान, बस्स!

पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, वाद्ये, सोंगट्या, गंजिफा असे कितीतरी. हा संग्रह त्यांनी पुढे महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. आज तो राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतो.

संग्रह करताना मौज ही, की खेळ एकच असतो आणि त्याचे प्रकार अनेक. सावंतवाडीची गंजिफा घ्या. ही गोल, हाताने रंगवलेली पाने. मोगल गंजिफेत ८ रंग आणि दर रंगात १२ पाने, म्हणजे ९६ पाने. दशावतारी गंजिफेत दर अवताराचा एक रंग. मग पाने झाली १२०. खेळ वाढला, पाने वाढली!

आता आपल्या ओसरीवरचा खेळ पाहू. खडूने ५ × ५ घरांचा चौकोन आखायचा आणि चार कवड्या टाकायच्या. कवड्या नसल्या तर चिंचोके फोडून त्यांचे अर्धे भाग घ्यायचे. एक बाजू पांढरी, एक काळी. जितक्या उताण्या तितके दान. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. याला कोणी अष्टाचंगा म्हणतात. कर्नाटकात हाच चौकाबारा, आणि आपल्या पैनगंगेपलीकडे तेलंगणात अष्टाचम्मा!

घरे मोजा पाहू. बाहेरच्या फेरीत १६, आतल्या फेरीत ८ आणि मधले १, एकूण २५. हाच पट ७ × ७ चा केला तर २४, १६, ८ आणि १ मिळून ४९ घरे होतात. हा झाला मोठा पट; डाव लांबतो, मजाही वाढते.

नियमही घरोघरी निराळे. कुठे दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत जाता येत नाही. कुठे तशी अट नाही. मग खरा नियम कोणता? अरे बाप्पा, दोन्ही खरे! जिथे जो खेळतात तिथे तो खरा. म्हणून संग्रह करणाऱ्याने नियम दुरुस्त करायचा नसतो, ऐकला तसा लिहायचा असतो.

आपले खेळ दूरवर गेले आहेत. पच्चीसीवरून इंग्लंडात लुडो तयार झाला. त्याचे पेटंट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे आहे. सापशिडीही आपल्या मोक्षपटापासूनच निघाली. ज्ञानचौपड नावाच्या तशाच पटांत वैष्णवांच्या पटावर बहुधा ७२ घरे, तर जैनांच्या पटावर ८४. शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण, असा त्यातला बोध.

आता पोट्टे मोबाईलवर लुडो खेळतात. त्यात साऱ्यांना एकच नियम. खडूचा पट सांजेला झाडताना पुसला जातो आणि कापडी पट उंदीर कुरतडतो. पण तो पट पुन्हा आखता येतो, पुन्हा शिवता येतो. नियम मात्र म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात असतात. ती माणसे गेली की विचारायचे कोणाला?

म्हणून असे करा. आपल्या जिल्ह्यात गाव आहे, तांडा आहे, कोलामांचे पोड आहे. वऱ्हाडी, गोरमाटी, कोलामी, गोंडी अशा किती बोली! प्रत्येकाने आपल्या आजी-आबाजीला विचारावे आणि पाच गोष्टी लिहाव्यात :

१) खेळाचे नाव, आजीच्या बोलीत.
२) पटाचे चित्र, घरे मोजून.
३) कवड्या, चिंचोके, सरक्या की खडे?
४) दान कसे मोजतात व सोंगटी कोणत्या दिशेने चालते?
५) कोणी सांगितले, कोणत्या गावचे, आणि तारीख.

कोणाचा जुना पट मागून आणू नका. त्याचे चित्र काढा आणि पट जागच्या जागी ठेवा. आजी माहेरचा नियम सांगत असेल तर माहेरच्या गावाचे नावही लिहा. खेळ लेकीबाळींबरोबर कुठून कुठे आला, ते त्यावरून कळते.

आणि हो, लिहून झाल्यावर आजीबरोबर एक डाव खेळायचाच. राहिलेला नियम खेळतानाच आठवतो!