एका संसारातील अट आणि बनारसची ठुमरी

१९४६ च्या सुमारास बनारसमधील एका जमीनदार घराण्यातील गिरिजा नावाच्या मुलीचा विवाह मधुसूदन जैन या व्यावसायिकांशी झाला. ही मुलगी पाच वर्षांची असल्यापासून पंडित सरजूप्रसाद मिश्र यांच्याकडे गाणे शिकत होती. वडील रामदेव राय स्वतः हार्मोनियम वाजवीत आणि मुलीला त्यांनी गाण्याबरोबर घोड्यावर बसणे आणि पोहणेही शिकविले होते. अशी मुलगी सून होऊन घरात येते तेव्हा जो प्रश्न उभा राहतो, तो आपल्यातील कित्येक घरांना आजही परका नाही. लग्नानंतर गाण्याचे काय?

विरोध झाला, आणि तो मुलीच्या आईकडून व आजीकडून झाला. कुलीन घरातील स्त्रीने चार परक्या माणसांपुढे बसून गावे, ही कल्पनाच त्यांना सोसण्यासारखी नव्हती. शेवटी जी तडजोड निघाली, ती आज वरवर पाहता चमत्कारिक वाटते. गिरिजादेवींनी खासगी बैठकीत, कोणा श्रीमंताच्या वाड्यावर, गायचे नाही. रेडिओवर आणि जाहीर संगीत संमेलनात गायला मात्र हरकत नाही. त्याप्रमाणे १९४९ साली अलाहाबादच्या रेडिओ केंद्रावरून त्यांचे गाणे प्रथम लोकांच्या कानी पडले आणि १९५१ साली बिहारमधील आरा येथे त्या प्रथमच जाहीर मैफलीत गायल्या.

आपली सर्वसाधारण समजूत याच्या नेमकी उलट असते. घरगुती कार्यक्रम म्हणजे सुरक्षित, ओळखीच्या माणसांतला. हजार अनोळखी माणसांपुढे व्यासपीठावर बसणे हे धाडसाचे. मग त्या घराने वाड्यावरची बैठक नाकारून व्यासपीठ का पत्करले? याचे उत्तर बनारसच्या तत्कालीन जीवनात आहे. त्या शहरातील रईस मंडळी, म्हणजे जमीनदार, सावकार आणि पेढीवाले व्यापारी, गाण्याचे मोठे शौकीन होते. लग्नकार्य, मुलाचे बारसे, होळीनंतर गंगेवर नावांतून साजरा होणारा बुढवा मंगल, या सर्व प्रसंगी दालमंडीतील गायिकांना पाचारण करण्यात येई. ठुमरी, दादरा, चैती आणि कजरी ही सारी दौलत या स्त्रियांनी सांभाळली व वाढविली. ज्या घरांत त्यांचे गाणे डोळे मिटून ऐकले जाई, त्याच घरांतील मुलीबाळींना त्यांच्या सावलीपासूनही दूर ठेवले जाई. खासगी बैठकीत गाणारी स्त्री कोण असते, हे सर्वांनी गृहीत धरलेले होते. गिरिजादेवींच्या घराने त्या गृहीताला बगल दिली.

व्यापारी घरातील वाचकांना यातील आर्थिक बाजू लवकर कळेल. वाड्यावरच्या बैठकीत बिदागी किती द्यायची, कोणती चीज पुन्हा गायला लावायची, गाणे किती वाजता संपवायचे, हे सारे यजमानाच्या मर्जीवर असे. मर्जी उदार असली तरी ती मर्जीच. जाहीर मैफलीत दर फलकावर लिहिलेला असतो आणि तो सर्वांना सारखा असतो. तिकीट घेणारा एका संध्याकाळच्या खुर्चीचे पैसे मोजतो आणि व्यवहार तेथेच चुकता होतो. गाणारीवर त्याचे कोणतेही उपकार उरत नाहीत. रेडिओ तर त्याच्याही पुढे गेला. तेथे गाणारीचा चेहराही ऐकणाऱ्यासमोर नव्हता. आश्रयदात्यांना येथे खाली पाहायला लावण्याचा हेतू नाही. त्यांच्या तिजोऱ्या उघड्या नसत्या तर एकोणिसाव्या शतकातील बरेचसे संगीत आपल्यापर्यंत पोहोचलेच नसते. पण उपकार आणि मोबदला यांतील भेद ज्याला दुकानावर कळतो, त्याला तो मैफलीतही कळावा.

आपल्या महाराष्ट्रात ही वाट याआधीच पडली होती. १९०५ साली मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर या उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या कन्या. तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या गायिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. अंगभर पदर, तंबोऱ्यांची जोड आणि कसलेही हावभाव न करता पुरुष गवयाप्रमाणे मांडलेला ख्याल, असे त्यांच्या मैफलीचे रूप होते. पुण्यामुंबईतील गृहस्थ आपल्या पत्नीला आणि मुलींना सोबत घेऊन या जलशांना जाऊ लागले, ही गोष्ट मला त्यांच्या अनेक मानसन्मानांहून मोठी वाटते. गाणे ऐकायला बाईमाणूस आले, की गाणारीकडे पाहण्याची नजर आपोआप बदलते.

हिराबाईंचे मुख्य क्षेत्र ख्यालाचे. गिरिजादेवी ख्याल उत्तम गात असत, पण त्यांचे नाव झाले ते ठुमरीने. आणि ठुमरीला सन्मान मिळवून देणे हे ख्यालापेक्षा अवघड काम होते. ठुमरीत शब्दाला महत्त्व असते. विरहिणीचे एखादे साधे वाक्य घ्यायचे आणि खमाज, काफी किंवा भैरवीच्या स्वरांतून ते वीस वेळा वीस प्रकारे म्हणायचे. एकदा रुसून, एकदा विनवून, एकदा स्वतःशीच पुटपुटल्यासारखे. याला बोल बनाव म्हणतात. बनारसमध्ये हे काम अतिशय संथ लयीत होते, घाई करणाऱ्याला तेथे कोणी विचारीत नाही. शेवटी तबलजी लग्गी धरतो, लय उसळते आणि गायिका पुन्हा मुखड्यावर येऊन थांबते. बोल शृंगाराचे असल्यामुळे हा प्रकार कोठीवरचा मानला गेला. गिरिजादेवींनी बोल बदलले नाहीत, शृंगारही वगळला नाही. ख्यालातील शिस्तीने एकेक स्वर लावीत त्यांनी तो असा गायिला, की ऐकणाऱ्यास राधेची आणि मीरेची आठवण व्हावी.

या कामामागे घरचा आधार होता. मुलगी झाल्यानंतर त्यांनी काही काळ सारनाथला राहून रियाज केला. (आपल्याकडील यात्रेकरू त्याच गावाला सिंहपुरी म्हणून, श्रेयांसनाथांची जन्मभूमी म्हणून ओळखतात.) तान्ह्या मुलीच्या आईला रियाजासाठी निराळी जागा आणि निराळा वेळ मिळावा, ही गोष्ट त्या काळी सहज घडणारी नव्हती.

त्याच सुमारास लखनौमध्ये काय घडले, तेही पाहण्यासारखे आहे. अख्तरीबाई फैजाबादी यांनी १९४५ साली एका बॅरिस्टरांशी विवाह केला आणि त्यांचे गाणे थांबले. काही वर्षांत त्यांची प्रकृती ढासळली. १९४९ साली लखनौ रेडिओवर त्या पुन्हा गायल्या, आणि त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत बेगम अख्तर या नावाने सारा देश त्यांना ओळखू लागला. दोन्ही घरे प्रतिष्ठेची. एका घराने गाण्याला वाट काढून दिली, दुसऱ्याने ती आधी बंद केली आणि मग उघडली.

पण बनारसच्या ठुमरीविषयी लिहिताना गिरिजादेवींपाशीच थांबले तर हिशेब अपुरा राहील. त्यांच्याहून सुमारे सत्तावीस वर्षांनी मोठ्या असलेल्या रसूलनबाई याच शहराच्या आणि याच ठुमरीच्या. १९४८ साली त्यांनी मुजरा सोडला, कोठा सोडला आणि बनारसी साड्यांच्या एका व्यापाऱ्याशी विवाह केला. म्हणजे दोघींचेही संसार व्यापाऱ्यांच्या घरात, दोघीही रेडिओवर गायल्या. रसूलनबाईंना १९५७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पुढे त्या अहमदाबादेस राहात असताना १९६९ च्या दंगलीत त्यांचे घर जळाले. अखेरची वर्षे त्यांनी हलाखीत काढली आणि १९७४ साली त्या गेल्या. एकदा रेडिओ केंद्राच्या भिंतीवरील जुन्या गायिकांच्या तसबिरी पाहून, बाकीच्या सगळ्या आता देवी झाल्या, बाई म्हणून मी एकटीच राहिले, अशा अर्थाचे काही त्या बोलल्या असे सांगतात.

मराठीत बाई हा शब्द मानाचा. अहिल्याबाई, हिराबाई, शाळेतल्या बाई. कोणालाही त्यात कमीपणा वाटत नाही. गंगेकाठी तोच शब्द स्त्रीचा व्यवसाय सांगू लागला, म्हणून स्वातंत्र्याच्या आगेमागे अनेकींनी तो टाकून देवी हे पद घेतले. एकीचे देवीपण जन्माने आणि विवाहाने आधीच पक्के होते, दुसरीला ते साडीच्या दुकानदाराशी लग्न करूनही लाभले नाही. आणि जे गाणे देवींनी व्यासपीठावर आणले, त्याचे मूळ भांडवल बाईंचे होते. व्यापारी घरांतून वहीवर पूर्वजांचे नाव घालण्याची रीत आहे. संगीताच्या वहीवर रसूलनबाई, विद्याधरी, हुस्नाबाई ही नावे त्याच जागी लिहिली पाहिजेत, असे प्रस्तुत लेखिकेचे स्पष्ट मत आहे.

१९७५ साली पतीचे निधन झाल्यावर गिरिजादेवींनी काही काळ गाणे बंद ठेवले होते. पुढे कलकत्त्याच्या संगीत संशोधन अकादमीत आणि नंतर बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी विद्यार्थी घडविले. शिष्या त्यांना अप्पाजी म्हणत. २०१६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१७ च्या ऑक्टोबरात, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे कलकत्त्यात निधन झाले. ऐंशी ओलांडल्यावरही त्या जाहीर मैफलींत गात होत्या.