दाखला देणाऱ्याची फी कोणी द्यावी?

घर बांधावयाचे ठरले की पूर्वी गवंडी, सुतार आणि गुरुजी या तिघांशी बोलणी झाली म्हणजे मुहूर्त धरता येई. आज औरंगपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत वडिलोपार्जित वाडा उतरवून त्या जागी तीन-चार मजले उभे करू पाहणाऱ्या गृहस्थाची यात्रा बरीच लांबली आहे. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक, वास्तुविशारदाचे आराखडे, आर.सी.सी. सल्लागाराचा संरचनेविषयीचा दाखला, महानगरपालिकेच्या नगररचना विभागाची परवानगी, काम जोत्यापर्यंत आले की जोत्याचे प्रमाणपत्र आणि सरतेशेवटी भोगवटा प्रमाणपत्र. विक्रीसाठी मोठा प्रकल्प असेल तर महारेराची नोंदणी, इमारत उंच असेल तर अग्निशमन विभागाची संमती, आणि बांधकाम वीस हजार चौरस मीटरांच्या घरात गेले तर पर्यावरण मंजुरीही.

या साऱ्याविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. खाती फार झाली, फायली फार झाल्या, एक खिडकी करा. प्रस्तुत लेखकाला ही तक्रार अस्थानी वाटते. खाती किती आहेत, यापेक्षा ती आपल्या डोळ्यांनी काय पाहतात, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी शासकीय यंत्रणा आता इमारतीकडे पाहत नाही. ती इमारतीविषयीच्या कागदाकडे पाहते. तो कागद सल्लागार देतो. आणि सल्लागाराची निवड, नेमणूक व मानधन या तिन्ही गोष्टी, ज्याच्या कामाची तपासणी व्हावयाची त्याच मालकाच्या किंवा बिल्डरच्या हाती असतात.

माझ्या एका आप्ताने याच भागात घर बांधले. काम व्यवस्थित झाले, आजपावेतो कोठे तडा नाही. परंतु संरचना सल्लागाराशी झालेला व्यवहार मला अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून फार उद्बोधक वाटला. फीचे चार हप्ते ठरले होते आणि शेवटचा हप्ता पूर्णत्वाचा दाखला हाती पडल्यावर द्यावयाचा होता. गृहस्थ सज्जन होते. तरीही वरच्या स्लॅबची सळई त्यांनी पाहिली ती ठेकेदाराच्या मोबाइलवरील छायाचित्रांत. दाखल्यावर मात्र ‘माझ्या देखरेखीखाली’ असे शब्द होते. शेवटचा हप्ता ज्या कागदावर अवलंबून आहे तो कागद देण्यास कोण नकार देईल? आणि आमच्या आप्तालाही सल्लागार कडक निघालेला नकोच होता, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

१९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा बाजारात खराब माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, हे त्याचे सार. सदनिकेचा बाजार तर मोटारीहून अवघड. गिलाव्याच्या आत किती सळई आहे, हे घेणाऱ्याला आयुष्यभर कळत नाही. कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. यावरचा उपाय म्हणजे तटस्थ तज्ज्ञाचा दाखला. परंतु त्या तज्ज्ञाचा धनी विकणाराच असेल, तर हा उपाय रोगाचाच भाग होतो.

आपले कायदे या ठिकाणी नेमके तोकडे पडतात. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने या व्यवसायाचे नियमन केले खरे. पण त्यातील ३७ वे कलम ‘वास्तुविशारद’ ही पदवी लावण्यास प्रतिबंध करते, त्या प्रकारचे काम करण्यास नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला. म्हणजे संरक्षण मिळाले ते पाटीला. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवण्याचा आणि वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रांवाचून त्यातून पैसे न काढण्याचा दंडक घातला. उत्तम दंडक, परंतु ही प्रमाणपत्रे देणारेही प्रवर्तकाच्याच पदरचे. त्याच कायद्याच्या १४ व्या कलमान्वये संरचनेतील दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आला, तर तो विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी प्रवर्तकावर आहे. सल्लागाराचा तेथे उल्लेख नाही.

पाच वर्षे म्हणजे किती? रायगड जिल्ह्यातील महाड येथे २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळलेली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत सुमारे सात वर्षांची होती. सोळा माणसे गेली. त्यानंतर नोंदलेल्या गुन्ह्यात बिल्डरबरोबर वास्तुविशारद, आर.सी.सी. सल्लागार आणि नगरपालिकेचे अधिकारीही होते. सर्वांच्या सह्या आधीच झालेल्या होत्या. इमारत उभी असताना त्या सह्यांना कोणी प्रश्न विचारला नव्हता.

फ्रान्समध्ये ही जबाबदारी दहा वर्षांची आहे, तीत वास्तुविशारद व तंत्रज्ञही येतात, आणि १९७८ च्या कायद्याने त्यासाठी विमा सक्तीचा केला. विमा कंपनीला आपले पैसे वाचवावयाचे असल्याने तीच बारकाईने पाहू लागते. आपल्याकडे हे आज-उद्या घडेल, अशी आशा मला नाही.

त्यापेक्षा जवळचे उदाहरण शेजारच्या गुजरातेत आहे. तेथे कारखान्यांना पर्यावरणीय लेखापरीक्षण करून घ्यावे लागे आणि परीक्षक कारखानदारच नेमी. एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ ते २०११ या काळात तेथील प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने अहमदाबाद व सुरत भागात एक प्रयोग केला. काही कारखान्यांसाठी परीक्षक चिठ्ठ्या टाकून नेमले, त्यांची फी सामायिक निधीतून ठरावीक दराने दिली आणि त्यांच्या काही मोजमापांची फेरतपासणी केली. जुन्या पद्धतीत आकडे हटकून मर्यादेच्या किंचित खाली येत. नव्या पद्धतीत अहवाल खरे येऊ लागले आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कारखान्यांनी प्रदूषणच कमी केले. दोन्ही पद्धतींत काम करणारे काही परीक्षक तेच होते. पुढे २०१५ मध्ये मंडळाने चिठ्ठीची पद्धत नियमांतच आणली.

हीच रीत बांधकामाला का लावू नये? घरमालकाने आराखडा आपल्या पसंतीच्या वास्तुविशारदाकडून खुशाल करून घ्यावा. मात्र जोत्याचा, संरचनेचा व पूर्णत्वाचा दाखला देणारा तज्ज्ञ महानगरपालिकेच्या यादीतून चिठ्ठीने निघावा. त्याची फी परवानगी शुल्काबरोबरच जमा व्हावी, आणि दाखला दिला वा नाकारला तरी ती त्याला मिळावी. शंभरातील पाच-दहा इमारती दुसऱ्याने पुन्हा तपासाव्यात. आपल्या शहराला यादीची कल्पना नवीन नाही. गुंठेवारीतील घरे नियमित करण्याच्या २०२१ मधील मोहिमेत महानगरपालिकेने वास्तुविशारदांचे पॅनल नेमले होतेच.

गुंठेवारीचा उल्लेख निघाला म्हणून एक आक्षेपही विचारात घेतला पाहिजे. नियमांचा खर्च वाढला की गरीब माणूस नियमच टाळतो, आणि एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फुटांच्या तुकड्यांवर वसलेल्या शंभराहून अधिक वसाहती या शहराभोवती त्याची साक्ष देत उभ्या आहेत. आक्षेप खरा आहे. परंतु मी सुचवितो ती फी नवी नव्हे. सल्लागाराला ती आजही दिली जाते, फक्त मालकाच्या हातून. शिवाय २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांवर, सल्लागाराने प्रमाणित केलेल्या नकाशांच्या आधारे, स्वतंत्र छाननीवाचून बांधकामाची सोय केली आहे. म्हणजे गुंठ्यावरच्या घराला सल्लागाराची सही हाच एकमेव पहारा उरला आहे. सुरुवात करावयाची तर याच घरांपासून करावी. तेथे फीचा काही भाग महानगरपालिकेने विकास शुल्कातून सोसावा.