पॅनेलमागे हात घालताना

लोहगावच्या धावपट्टीवरून लढाऊ विमान उडाले की विमाननगर-धानोरीतल्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. लक्ष वेधून घेतो तो इंजिनाचा आवाज. वैमानिकाचा हुकूम मात्र वायरींमधून जात असतो. २००२ मध्ये याच तळावर हवाई दलात दाखल झालेले सुखोई-३० एमकेआय असो किंवा पुण्याहून दिल्ली-बंगळुरूला प्रवासी नेणारे एअरबस ए-३२०, वैमानिकाने दांडा हलवला की ती हालचाल विजेचा संकेत होऊन संगणकाकडे जाते. तिथून आलेल्या आज्ञेवर पंखांचे आणि शेपटीचे भाग हलतात.

या वायरी जिथे एकमेकींना जोडल्या जातात ती जागा म्हणजे कनेक्टर. एअरबस ए-३८० सारख्या महाकाय विमानात पाचशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या वायरी आणि हजारो कनेक्टर असतात. त्यातले बरेचसे कॉकपिटच्या पॅनेलमागे, जमिनीच्या पत्र्याखाली किंवा नाकाडाच्या पोकळीत दडलेले असतात. तिथे काम करणारा तंत्रज्ञ कधी पाठीवर झोपतो, कधी गुडघ्यांवर वाकतो आणि कोपरापर्यंत हात आत घालतो. हात आत गेला की फट बुजते. पुढे दिसते ते फक्त स्वतःचे मनगट. उरलेले काम बोटांनी चाचपून करायचे असते.

बोटांना कळेल अशी रचना

न पाहता जोडणी करावी लागणार, हे कनेक्टर घडवणाऱ्यांनी गृहीत धरलेले आहे. विमानांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या गोल कनेक्टरच्या कडेला पाच खाचा असतात आणि त्यातली एक इतरांपेक्षा रुंद असते. त्यामुळे तो एकाच स्थितीत बसतो. त्याची बाहेरची कड आतल्या पिनांपेक्षा पुढे आलेली असते, म्हणजे वाकडा टेकवला तरी पिना वाकत नाहीत. आट्यांच्या प्रकारात कडे एक पूर्ण फेरा फिरले की जोडणी पक्की होते. लाल पट्टा पूर्ण झाकला गेला नाही, तर काम अर्धवट राहिले असे समजायचे. मुठीत मावणाऱ्या अशा एका कनेक्टरमध्ये १२८ पिना असू शकतात आणि प्रत्येकीची जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर असते.

इतक्या बारीक कामात बोटे डोळ्यांची जागा घेऊ शकतात, कारण बोटांच्या टोकांची त्वचा विलक्षण संवेदनशील असते. दोन टोके साधारण दोन-तीन मिलिमीटर अंतरावर टेकवली तरी ती वेगळी आहेत हे बोटाला कळते. दंडाच्या किंवा पाठीच्या त्वचेला त्यासाठी काही सेंटीमीटर अंतर लागते.

दबते ती नेमकी तीच नस

खरी अडचण इथेच सुरू होते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची संवेदना मेंदूकडे नेणारी मीडियन नर्व्ह मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते. हाडे आणि एका जाड पट्ट्याने बनलेल्या या बोगद्याला कार्पल टनेल म्हणतात. याच बोगद्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ शिराही जातात. मनगट सरळ असते तेव्हा नसेला पुरेशी जागा मिळते. ते जोरात आत किंवा मागे वाकले की बोगद्यातला दाब वाढतो. त्या अवस्थेत पक्कड आवळून धरली तर तो आणखी वाढतो. म्हणजे पॅनेलमागे कनेक्टर फिरवताना ज्या तीन बोटांच्या स्पर्शावर सारी भिस्त असते, त्यांचीच नस वाकलेल्या मनगटात दाबली जाते.

खांद्याचेही तसेच. हात वर धरून ठेवला की स्नायू सतत आवळलेले राहतात, त्यांतला रक्तपुरवठा घटतो आणि ते लवकर थकतात. मान उचलून धरली तर साडेचार-पाच किलो वजनाच्या डोक्याचा भार मानेवर येतो. चाळिशीनंतर चष्म्याची भर पडते. वाचनाची काच खालच्या भागात असल्याने डोक्यावरचे जवळचे काम पाहण्यासाठी मान आणखी मागे टाकावी लागते.

चुकीची किंमत

अडचणीची जागा आणि चष्मा यांना क्षुल्लक समजू नये, हे १० जून १९९० च्या घटनेने दाखवले. ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॉकपिटची पुढची काच उड्डाणात निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरवले आणि सगळे वाचले. काच बदलताना नुकत्याच बसवलेल्या ९० पैकी ८४ बोल्टची जाडी किंचित कमी होती. काम करणाऱ्याला लांबून वाकून हात पोहोचवावा लागत होता, बोल्ट नीट दिसत नव्हते आणि त्याने वाचनाचा चष्मा लावलेला नव्हता, असे चौकशीत पुढे आले.

कनेक्टरची गोष्ट याहून फसवी असते. २० मार्च २००१ रोजी फ्रँकफर्टहून लुफ्तान्साचे ए-३२० उडाले. कॅप्टनने दांडा एका बाजूला वळवला आणि विमान दुसऱ्या बाजूला कलले. पंखाचे टोक जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आले असताना सहवैमानिकाने ताबा घेतला. देखभालीत नियंत्रण संगणकाच्या कनेक्टरची दुरुस्ती झाली होती आणि त्यात वायरींची अदलाबदल राहून गेली होती. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत पंखांचे भाग हलत असल्याचे दिसले होते. ते उलट दिशेने हलत आहेत, हे कोणाच्या लक्षात आले नाही. कनेक्टर घट्ट बसला एवढे बोटांना कळते. आतली वायर योग्य जागी आहे का, हे दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे तपासावे लागते.

म्हणूनच भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवान्यासाठी यंत्रशास्त्राबरोबर ‘मानवी घटक’ हा विषयही अभ्यासावा लागतो. थकवा, अपुरा उजेड, अडचणीची जागा यांमुळे चुका कशा होतात, हे त्यात शिकवले जाते. विमान रचतानाही उपाय करता येतात. अनेक उपकरणांच्या पेट्या आता खणासारख्या आत सरकवल्या की मागचा कनेक्टर आपोआप जुळतो. संगणकावर मानवी पुतळा उभा करून त्याचा हात तिथे पोहोचतो का, त्याला काय दिसते, हे कागदावरच्या टप्प्यात तपासता येते.

भोसरी-चाकणमधले पॅनेल वायरमन आणि डॅशबोर्डखाली शिरणारे कार इलेक्ट्रिशियन यांचेही मनगट असेच वाकते. त्यांनी जमेल तिथे आधी वाटेतले झाकण किंवा पेटी काढावी, मग हात घालावा. दांडीचा आरसा आणि डोक्याला लावायचा दिवा वापरावा. कोपराला टेकू द्यावा, दर थोड्या वेळाने हात बाहेर काढून खाली सोडावा. वरच्या बाजूलाही वाचनाची काच असलेला चष्मा मिळतो, त्याबद्दल नेत्रतज्ज्ञाला विचारावे.

अंगठा आणि त्याशेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर ‘कामाचा थकवा’ म्हणून अंगावर काढू नये. मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार असलेल्यांना हा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून अनेकांना आराम पडतो. उशीर झाला तर अंगठ्याच्या बुडाचे स्नायू झिजतात आणि गेलेली संवेदना पूर्ण परत येईलच असे नाही. ज्याचे पोट बोटांच्या स्पर्शावर आहे, त्याने बोट बधिर झाल्याचे वरिष्ठांना आणि डॉक्टरांना वेळीच सांगणे हा कामचुकारपणा नाही. विमानाच्या बाबतीत तर तो सुरक्षेचाच भाग आहे.