गोणपाटातलं सोयाबीन

मे महिन्यात लातूर-नांदेडच्या शिवारात फारसं हिरवं काही नसतं. खरिपाचा पहिला कोंब तेव्हा घरात, ओल्या गोणपाटात निघतो. औसा तालुक्यातल्या एका घरी काकूंनी अशीच गुंडाळी माझ्यासमोर उलगडली. पेरणीसाठी ठेवलेल्या पोत्याच्या वरून, मधून, तळातून घेतलेले सोयाबीनचे शंभर दाणे, दहा-दहाच्या ओळीत. सावलीत ठेवायचं, पाणी शिंपडत राहायचं, सहा-सात दिवसांनी किती उगवले ते मोजायचं.

मी मुळं मोजू लागलो तर काकू म्हणाल्या, "नुसतं मूळ निघालं म्हणून धरायचं नसतंय. दळ तुटकं, मूळ आखूड, ते बाजूला काढायचं." बोटाने दाबलं की मेलेला दाणा बुळबुळीत लागतो, वासही मारतो. गंमत अशी की पाणी पिऊन तोही जिवंत दाण्याइतकाच फुगतो. फुगण्याला जीव लागत नाही. सोयाबीन वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी शोषतं. जिवंत दाण्यात मग श्वसन वाढतं, साठवलेलं अन्न विरघळू लागतं आणि मूळ साल फोडतं.

बांधावरच्या तरोट्याचं बी याच्या अगदी उलट. त्याच्या कडक सालीतून पाणीच शिरत नाही. ती झिजेपर्यंत ते मातीत पडून राहतं. सोयाबीनला असा दम नाही. काढणीच्या वेळी पाऊस लागला तर शेंगेतच कोंब फुटतात. साल पातळ, मूळ सालीला लागूनच. मळणी यंत्राचे फेरे वाढले किंवा पोतं आदळलं तरी इजा होते. 2019च्या ऑक्टोबरात पीक भिजलं आणि 2020च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. बियाण्याच्या पिशवीवरचा उगवणीचा छापील आकडा पाहून थांबणाऱ्यांनी ते वर्ष आठवावं.

काकूंच्या गोणपाटात अठ्ठ्याहत्तर निघाले. सत्तरच्या वर म्हणजे एकरी 30 किलो पुरे. थोडे कमी आले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवायचं. फारच कमी आले तर ते पोतं सरळ आडतीवर घालावं. आणि उगवण कितीही चांगली असो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण धरू नका. बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका.